उपवास आणि पारणे : विश्रांतवाडीच्या पालखीमार्गावरून आहाराच्या लयीचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

ज्येष्ठ वद्य अष्टमीस श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान होते. सामान्यतः दुसऱ्या दिवशी, म्हणजे नवमीस, ही पालखी दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर व संगमवाडी या मार्गाने पुणे शहरात प्रवेश करते. त्या दिवशी विश्रांतवाडीच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस अन्नदानाचे मांडव उभे असतात. पोहे, केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा व बिस्किटे यांचे वाटप सकाळपासून चालू असते. पुण्यातील मुक्कामानंतर पालखी सासवडकडे निघते, तो दिवस बहुधा एकादशीचा असतो. सुमारे तीस किलोमीटरची ही वाटचाल व तीत दिवे घाटाची चढण, असा वारीतील हा एक अत्यंत कष्टाचा टप्पा होय. नेमक्या त्याच दिवशी असंख्य वारकऱ्यांचा उपवास असतो. दुसऱ्या दिवशी सासवडच्या मुक्कामी द्वादशीचे पारणे सुटते.

नवमीचे अन्नदान, एकादशीचा उपवास व द्वादशीचे पारणे हा क्रम धार्मिक आचार म्हणून सर्वपरिचित आहे. तथापि हा क्रम म्हणजे शरीरास आलटून पालटून दोन भिन्न इंधनांवर चालविण्याची एक जुनी रीतही आहे, या दृष्टीने त्याचा विचार क्वचितच झालेला आहे. आधुनिक आहारशास्त्रात कर्बोदकप्रधान व मेदप्रधान आहाराचे दिवस आलटून पालटून ठेवावेत आणि त्यायोगे 'चयापचयाची लवचिकता' साधावी, असा विचार अलीकडे बराच मांडला जातो. महाराष्ट्राच्या आहारपरंपरेत अशी लय होती काय, असल्यास ती कोणत्या कारणांनी क्षीण झाली आणि आज तिचे काय उरले आहे, या तीन प्रश्नांचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. उपवासाचे नाव व तिथी कायम राहिली, परंतु ताटातील पदार्थ बदलल्यामुळे त्यामागील लय हरवली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

शरीरशास्त्रीय पार्श्वभूमी

विषय स्पष्ट होण्यासाठी प्रथम शरीरक्रियेची थोडक्यात माहिती घेणे आवश्यक आहे. भात, भाकरी, साखर इत्यादींतील कर्बोदकांचे ग्लुकोजमध्ये रूपांतर होते. तातडीच्या गरजेपेक्षा अधिक असलेले ग्लुकोज यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठविले जाते. प्रौढ व्यक्तीच्या यकृतात हा साठा सुमारे १०० ग्रॅम, तर स्नायूंत ३०० ते ४०० ग्रॅम इतका असतो. रक्तातील साखर टिकविण्यासाठी यकृताचाच साठा उपयोगी पडतो व अन्न न घेतल्यास तो साधारण एका दिवसात जवळजवळ संपतो. त्यानंतर शरीर मुख्यतः मेदावर चालू लागते. यकृत मेदापासून किटोन द्रव्ये तयार करते. मेंदूही ही द्रव्ये इंधन म्हणून वापरतो, हे जॉर्ज केहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले.

कर्बोदके व मेद ही दोन इंधने एकमेकांच्या वापरास अडसर घालतात, हा सिद्धान्त फिलिप रँडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडला. निरोगी शरीर जेवणानंतर कर्बोदकांकडे व उपाशीपोटी मेदाकडे सहज वळते. मधुमेह व स्थूलता असणाऱ्यांत हे वळणे मंदावते. केली व मँडरिनो या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस या क्षमतेसाठी चयापचयाची लवचिकता ही संज्ञा रूढ केली. चुलीत कधी गोवऱ्या व कधी लाकूड घालून दोन्हींवर स्वयंपाक करता येणारी गृहिणी जशी अडचणीत सापडत नाही, तसेच हे आहे. सतत एकाच इंधनाचा पुरवठा होत राहिला, तर दुसरे पेटविण्याची सवय मोडते.

शास्त्रग्रंथांतील लय

महाराष्ट्रापुरता विचार करता या विषयातील सर्वांत लक्षणीय व्यक्ती म्हणजे देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री होय. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने 'चतुर्वर्गचिंतामणी' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्यातील व्रतखंडात वर्षभरातील व्रतांचे व उपवासांचे तपशील एकत्र केलेले आहेत. याच हेमाद्रीच्या नावावर वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या वैद्यकग्रंथावरील 'आयुर्वेदरसायन' ही टीकाही आहे. व्रतांचा संग्राहक व वैद्यकाचा टीकाकार एकच असावा, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात सर्व उपचारांचे दोनच प्रकार सांगितले आहेत. शरीर पुष्ट करणारे ते बृंहण व शरीर हलके करणारे ते लंघन. कोणता उपचार कोणास व केव्हा द्यावा, याचा विवेक हा त्या अध्यायाचा विषय आहे.

धर्मशास्त्रातही आहाराच्या नियमनाच्या पायऱ्या आढळतात. दिवसातून एकदाच जेवणे हे एकभुक्त, केवळ रात्री जेवणे हे नक्त, न मागता मिळेल तेवढेच खाणे हे अयाचित आणि काहीच न खाणे हा उपवास. म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांचे जे विस्तृत विवेचन केले आहे, त्यावरून या पायऱ्यांची व्याप्ती ध्यानात येते. एकादशीचा संपूर्ण विधी तीन दिवसांचा आहे. दशमीस एकदाच भोजन, एकादशीस निराहार आणि द्वादशीस पुन्हा एकदाच भोजन, अशा रीतीने चार भोजने वर्ज्य होतात. दशमीच्या दुपारी जेवलेला मनुष्य द्वादशीच्या सकाळी पारणे करतो असे धरले, तर दोन भोजनांत सुमारे चाळीस तासांचे अंतर पडते. यकृतातील ग्लायकोजेन संपण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा हे अंतर स्पष्टपणे अधिक आहे. सामान्य वर्षात एकादशी चोवीस येतात. म्हणजे विधीनुसार वर्षातून चोवीस वेळा शरीर मेदाच्या इंधनावर वळत असे व पारण्याने पुन्हा कर्बोदकांकडे परतत असे. शास्त्रकारांना ग्लायकोजेन ठाऊक होते, असा दावा येथे करावयाचा नाही. त्यांचा हेतू पुण्यप्राप्तीचा व इंद्रियनिग्रहाचा होता. परंतु आचाराचा परिणाम हेतूवर अवलंबून नसतो.

चांद्रायण व्रतात ही लय आणखी सूक्ष्म झालेली दिसते. शुक्ल प्रतिपदेस एक घास, मग रोज एक घास वाढवीत पौर्णिमेस पंधरा आणि कृष्णपक्षात पुन्हा एकेक कमी करीत अमावास्येस निराहार, असा चंद्रकलेप्रमाणे वाढणारा व घटणारा हा आहार आहे. अर्थात हे प्रायश्चित्त होते, नित्याचा आचार नव्हे. जैन समाजातील वर्षीतप हे मात्र आजही पुण्यात प्रत्यक्ष आचरले जाणारे व्रत आहे. एक दिवस केवळ उकळलेले पाणी व दुसऱ्या दिवशी दोन वेळा भोजन, असा क्रम वर्षाहून अधिक काळ चालतो व अक्षय्य तृतीयेस उसाच्या रसाने त्याचे पारणे होते. दिवसाआड उपवास म्हणून आज जी पद्धत पाश्चात्त्य संशोधनाचा विषय झाली आहे, तिचे हे जुने व शिस्तबद्ध रूप म्हणता येईल.

सक्तीचे उपवास

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. उपवासाचा इतिहास केवळ व्रतांचा इतिहास मानला, तर तो ज्यांच्या घरी पारण्यास धान्य होते त्यांचाच इतिहास ठरेल. बहुसंख्य कष्टकऱ्यांच्या वाट्यास आलेले उपवास पंचांगातील नव्हते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीवरून दुष्काळी कामावरील मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड धान्य इतका खाली आणण्यात आला. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. त्यातून सुमारे सोळाशे कॅलरी मिळतात व तेवढ्यावर दिवसभर खडी फोडण्याची अपेक्षा होती. १८७७ च्या प्रारंभी मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी या शिध्याविरुद्ध कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारकडे मांडली. त्यानंतर जवळजवळ एका शतकाने, १९७२ च्या दुष्काळात, महाराष्ट्रातील मजुरांनी सुकडी व परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी यांवर दिवस काढले. सुगीनंतर भरपेट व ज्येष्ठ-आषाढात अर्धपोटी, ही ग्रामीण महाराष्ट्राची पिढ्यान्‌पिढ्यांची अवस्था होती.

व्रतात निर्धास्तपणा असतो. पारण्याचा दिवस ठरलेला असतो. दुष्काळात तो ठरलेला नसतो. लंघन व उपासमार यांतील भेद येथेच आहे आणि उपवासाचे गुणगान करताना तो विसरता कामा नये.

येरवड्याचे उपवास

विश्रांतवाडीस लागूनच असलेल्या येरवडा परिसराने विसाव्या शतकात उपवासाचा आणखी एक अर्थ पाहिला. २० सप्टेंबर १९३२ रोजी महात्मा गांधींनी येरवडा कारागृहात दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध उपवास आरंभला. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला व २६ तारखेस उपवास सुटला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या उपवासातील दडपणाविषयी केलेली टीका सर्वश्रुत आहे आणि तिची नोंद घेतल्यावाचून या घटनेचा उल्लेख अपुरा ठरेल. ८ मे १९३३ रोजी सुरू झालेला एकवीस दिवसांचा उपवास त्याच दिवशी सुटका झाल्यामुळे 'पर्णकुटी' या बंगल्यात पूर्ण झाला. १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ या काळातील एकवीस दिवसांचा उपवास नगर रस्त्यावरील आगाखान महालात झाला. त्या वेळी गांधीजी ७३ वर्षांचे होते. डॉ. गिल्डर, डॉ. बिधनचंद्र रॉय, डॉ. सुशीला नय्यर प्रभृती त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवून होते. उपवासाच्या मध्यावर प्रकृती गंभीर झाली असता पाण्यात थोडा मोसंबीचा रस घेतल्यावर त्यांना उतार पडला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या घटनांचे महत्त्व मर्यादित पण स्पष्ट आहे. कृश व वृद्ध मनुष्यही मेदाच्या साठ्यावर तीन आठवडे काढू शकतो, हे या परिसराने डोळ्यांनी पाहिले. बॉस्टन येथे फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी १९१२ मध्ये एका व्यक्तीच्या ३१ दिवसांच्या उपवासाचे प्रयोगशाळेत निरीक्षण केले होते. येरवड्याचे उपवास त्या अर्थाने प्रयोग नव्हते, आणि त्यांत लयही नव्हती. ते प्राण पणास लावणारे राजकीय कृत्य होते. एकादशीचा उपवास याच्या नेमका उलट आहे. तो लहान आहे, परत परत येणारा आहे आणि त्यात प्राणाची बाजी नाही. त्याचे सामर्थ्य पुनरावृत्तीत आहे.

फराळाचे स्थित्यंतर

मग ही पुनरावृत्ती आजही चालू असता तिचा परिणाम का दिसू नये? याचे उत्तर फराळाच्या ताटात आहे. व्रतात पाणी, कंदमुळे, फळे व दूध यांची मुभा जुन्या ग्रंथांनी दिली होती. ही सवलत अशक्तांसाठी होती. कालांतराने तिचाच नियम झाला. त्यातही आज उपवासाचे म्हणून जे पदार्थ आपण मानतो, त्यांतील बटाटा, रताळे, शेंगदाणा व मिरची हे सर्व मूळचे अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या आगमनानंतरच भारतात रुजले. हेमाद्रीच्या व्रतखंडाला त्यांची ओळख असणे शक्य नव्हते. नवे पदार्थ जुन्या निषेधांच्या यादीत नव्हते. धान्य वर्ज्य, आणि हे धान्य नव्हे, म्हणून ते चालू लागले.

साबुदाण्याची कथा अधिक बोधप्रद आहे. हा शब्द मलाय भाषेतील 'सागू' या ताडवर्गीय झाडाच्या नावावरून आला. त्या झाडाच्या गाभ्यातील पिष्टापासून केलेले दाणे एकोणिसाव्या शतकात मलायाकडून येत व आजाऱ्यांचे पथ्य म्हणून वापरले जात. दुसऱ्या महायुद्धात ही आयात थांबली. १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतील सेलम परिसरात टॅपिओका या दक्षिण अमेरिकी कंदापासून तसेच दाणे तयार करण्याचा उद्योग सुरू झाला. आज महाराष्ट्रातील घरोघरी भिजत पडणारा साबुदाणा बव्हंशी याच कंदाचा आहे. झाड बदलले, देश बदलला, वस्तू बदलली. नाव मात्र साबुदाणाच राहिले. उपवासाचेही नेमके हेच झाले.

शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात. प्रथिने व तंतू नाममात्र. त्यात बटाटा, शेंगदाण्याचे कूट व तूप घातल्यावर जी खिचडी होते, तीत कर्बोदके व मेद ही दोन्ही इंधने एकाच वेळी भरपूर असतात. परिणामी एकादशीच्या दिवशी शरीर मेदाकडे वळण्याचे कारणच उरत नाही. उलट ज्वारीची भाकरी, डाळ व भाजी या नित्याच्या जेवणापेक्षा त्या दिवशी रक्तातील साखर अधिक वेगाने वाढते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही आपल्या भाषेतील म्हण या स्थित्यंतराची लोकांनीच केलेली टीका आहे.

प्रस्तुत लेखकाची आजी दशमीस एकभुक्त राहून एकादशीस केवळ एकदा भगर व ताक घेत असे. आई तीच एकादशी तितक्याच श्रद्धेने करते. परंतु सकाळी खिचडी, दुपारी वेफर्स व रात्री रताळ्याचा कीस असा तिचा क्रम आहे. ती मधुमेही आहे आणि एकादशीच्या दिवशी तिची रक्तशर्करा महिन्यातील सर्वाधिक असते. दोघींच्या निष्ठेत उणेअधिक काही नाही. फरक ताटात आहे, आणि तो एका पिढीत पडलेला आहे.

पुण्यातील संशोधन व समकालीन चळवळी

या फरकाचे गांभीर्य पुण्यातच झालेल्या संशोधनावरून कळते. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. तरीही मेदाचे प्रमाण भारतीय बालकांत तुलनेने टिकून असल्याचे दिसले. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक व ब्रिटिश संशोधक युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही उंची-वजन निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आतून मेदयुक्त, अशी ही भारतीय देहयष्टी आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुपोषणाचा यात वाटा असावा, असे अनेक संशोधक मानतात. तसे असेल तर १८७७ व १९७२ हे आकडे केवळ इतिहासाच्या पुस्तकातील नसून आपल्या देहातही लिहिलेले आहेत, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रात आहाराविषयी नवी जागृती झाली. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या व्याख्यानांतील विचार पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सर्वदूर नेले. दिवसातून दोनच वेळा व प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे, हे त्यांचे सूत्र विश्रांतवाडीसारख्या उपनगरांतही घरोघरी चर्चिले गेले. या पद्धतीवर आहारतज्ज्ञांनी आक्षेपही घेतले. ऐतिहासिक दृष्टीने पाहता, दोन भोजनांत अंतर ठेवण्याचा जुना संस्कार येथे वैद्यकाच्या भाषेत परत आला, एवढे निश्चित.

तथापि उत्साहाच्या भरात विवेक सोडणे योग्य नव्हे. अमेरिकेतील शिकागो येथे शंभर व्यक्तींवर वर्षभर केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिवसाआड उपवास हा रोजच्या मिताहारापेक्षा वजन घटविण्यास अधिक गुणकारी ठरला नाही. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून निराहार राहणे धोक्याचे आहे. गरोदर स्त्रिया, बालके व कुपोषित यांना तर लंघन वर्ज्यच आहे. अष्टांगहृदयातील पात्रापात्रतेचा विचार आजही तितकाच लागू आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. महाराष्ट्राच्या आचारपरंपरेत भरल्या पोटाचे व रित्या पोटाचे दिवस यांची एक निश्चित लय होती. त्यातील एकादशीचा तीन दिवसांचा विधी शरीरास एका इंधनावरून दुसऱ्या इंधनावर नेण्याइतका दीर्घ होता. दुसरे, या लयीचा लाभ ज्यांच्या घरी पारण्याची शाश्वती होती त्यांनाच मिळाला. इतरांच्या वाट्यास उपासमार आली व तिचे परिणाम पुढच्या पिढ्यांनी भोगले. तिसरे, अमेरिकी कंद व शेंगदाणा यांच्या आगमनाने आणि विशेषतः साबुदाण्याच्या प्रसाराने उपवासाचे बाह्य रूप टिकले, परंतु त्याचे अंतरंग पालटले.

नवमीच्या दिवशी विश्रांतवाडीत पोहे घेऊन पुढे गेलेला वारकरी एकादशीस दिवे घाट चढतो, तेव्हा काहीजण आजही केवळ पाण्यावर चालत असतात. त्यांच्या पावलांत जुनी लय शिल्लक आहे. ती आपल्या घरात परत आणण्यासाठी नवी तिथी शोधावी लागणार नाही. चोवीस तिथी पंचांगात आहेतच. प्रकृतीस झेपेल त्याने त्या दिवशी ताटातून काय वगळावयाचे, एवढाच प्रश्न उरतो.